पहिल्या वर्षानंतरची अठ्ठेचाळीस वर्षं

३ जानेवारीला आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक शाळेत एक छोटी सावित्रीबाई उभी असते. चौथी-पाचवीतली एखादी चुणचुणीत मुलगी, आईचं लुगडं दोन ठिकाणी खोचून नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात पाटी. वर्गातली दोन-तीन पोरं तिच्यावर कागदाचे बोळे फेकतात. ते शेण. ती न थांबता शाळेत जाते, खराब लुगडं बदलते, शिकवायला लागते, आणि टाळ्या पडतात. बेल्हे असो, आळेफाटा असो की नारायणगाव, गाव बदलतं, नाटुकलं बदलत नाही. त्यात खोटं काही नाही. पण हा प्रसंग १८४८ च्या आसपासचा आणि सावित्रीबाई गेल्या १० मार्च १८९७ रोजी. नाटुकलं पहिल्या वर्षापाशी संपतं. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं त्यात येतच नाहीत.

हे पुस्तक त्या अठ्ठेचाळीस वर्षांसाठी केलं आहे. बेल्हे-ओतूर पट्ट्यातल्या काही शिक्षकांनी आणि वाचकांनी मिळून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांवर टिपणं तयार केली आणि त्यांच्या जोडीला सीमा समर आणि सकीना याकूबी या दोन अफगाण बायांची छोटी चरित्रं ठेवली. जोडी विचित्र वाटेल. मलाही आधी वाटली होती. एकोणिसाव्या शतकातलं पुणं कुठे आणि आजचं काबूल कुठे, असं संपादकांना विचारूनही पाहिलं. त्यांनी उत्तर न देता त्या तिनांतलं ओतूरचं पत्र हातात ठेवलं. ते वाचून झाल्यावर मग प्रस्तावना लिहायला बसलो.

आधी पत्रांविषयी. सावित्रीबाईंची तीन पत्रं प्रसिद्ध आहेत. पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून. दुसरं २९ ऑगस्ट १८६८ चं, तेही नायगावहूनच. तिसरं २० एप्रिल १८७७ चं, आणि त्यावर ठिकाण आहे ओतूर, जुन्नर. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेल्या समग्र वाङ्मयात ती वाचायला मिळतात. म्हणजे छापील रूपात ती आपल्यासमोर साडेतीन दशकांहून जास्त काळ आहेत. तरीही ओतूर आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर असूनसुद्धा तिथे आपल्या तालुक्यात सावित्रीबाई राहून गेल्या, हे इथल्या कितीतरी सुशिक्षित माणसांना ठाऊक नसतं. ओतूर म्हटलं की आपल्याला बाबाजी चैतन्यांची समाधी आठवते, कपर्दिकेश्वराची श्रावणातली यात्रा आठवते. आठवायलाच हवी. पण त्या यादीत आणखी एक नाव बसायला जागा आहे.

शिक्षिका म्हणून त्यांची सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना पाठ आहे. जन्म नायगावचा, ३ जानेवारी १८३१. लग्न १८४० मध्ये. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा. सासऱ्यांनी, म्हणजे गोविंदरावांनी, लोकांच्या दडपणाखाली दोघांना घराबाहेर काढलं, तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी आसरा दिला. शाळा मधे बंद पडली आणि ३ जुलै १८५१ ला चिपळूणकर वाड्यात पुन्हा उभी राहिली. त्याच सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. शाल जोतीरावांच्या खांद्यावर पडली, वर्ग सावित्रीबाई घेत होत्या. यावर रागावण्यात अर्थ नाही, तो काळच तसा होता, पण नोंद करून ठेवायला हरकत नाही.

यापुढे गोष्ट मला जास्त रस वाटावा अशी होते, कारण यापुढे कौतुक कमी आणि काम जास्त आहे. १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई आजारी आहेत, माहेरी आल्या आहेत. भाऊच तोंडावर सुनावतो आहे की तुम्ही नवरा-बायको महारा-मांगांसाठी जे करता त्याने कुळाला बट्टा लागला, जातीच्या रीतीने राहा. त्या त्याला उत्तर देतात आणि ते सगळं नवऱ्याला कळवतात. त्याच पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपण इकडे अंथरुणावर असल्याने तिकडे सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती तक्रार करणारी नव्हे, अशा अर्थाचा. फातिमा शेख यांच्याविषयी अलीकडे पुष्कळ वाद झाले. मूर्ती उभ्या करणारे एका टोकाला, ही बाई नव्हतीच म्हणणारे दुसऱ्या टोकाला. या दोघांनीही हे एक वाक्य शांतपणे वाचावं असं मला वाटतं. त्यात देव्हारा नाही आणि दंतकथाही नाही. शाळा चालवणाऱ्या एका बाईला दुसऱ्या बाईची काळजी वाटते आहे आणि तिच्यावर भरवसाही आहे, एवढंच त्यात आहे.

१८६८ च्या पत्रात तर शाळा येतच नाही. पोथी-पंचांगावर पोट भरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं जुळलं. मुलगी गरोदर राहिली. गावाने दोघांना धरून भर गावातून मारत नेलं, जिवानिशी मारायचाच बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी अंमलात खुनाला काय शिक्षा आहे ते गर्दीला सांगितलं आणि दोघांचा जीव वाचवला. गाव सोडायच्या अटीवर ती सुटली आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे धाडलं. हे वाचून आपण बाईंच्या धैर्याचं कौतुक करतो. मला त्याहून त्यांची हुशारी जाणवते. चिडलेल्या जमावासमोर त्यांनी दयेचा विषय काढला नाही, कायदा सांगितला. कोणत्या वेळी कोणापुढे काय बोलावं हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं. पाच वर्षांआधी, १८६३ मध्ये, फुले दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं त्या घरात होत. पुढे त्यांपैकीच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

आता ओतूर. हे पत्र सावकाश वाचावं लागतं, कारण आपल्याला ती भूमी माहीत आहे.

१८७६ चा पावसाळा कोरडा गेला. दख्खनमधला तो मोठा दुष्काळ १८७८ पर्यंत पुरला. आज ओतूरच्या आसपास पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी आहे, कुकडी प्रकल्पाचे कालवे बेल्ह्याच्या कडेने पूर्वेकडे गेले आहेत, कांदा, टोमॅटो, द्राक्षं निघतात. त्यामुळे हिरवं शिवार पाहून वाढलेल्या पोरांना १८७७ चा एप्रिल डोळ्यांपुढे आणणं कठीण जातं. आणे पठारावरच्या माणसाला जरा सोपं जाईल, त्याने टँकरची वाट अजून पाहिलेली आहे. तेव्हा धरण नव्हतं, कालवा नव्हता. मृगापासून हस्तापर्यंत पडेल तेवढंच पाणी. सावित्रीबाई लिहितात त्याचा आशय असा की साल सरलं पण दुष्काळ सरला नाही. गुरं आणि माणसं जमिनीवर पडून मरत आहेत, ओढे-नद्या-तळी आटली आहेत, झाडांवर पान उरलेलं नाही, लोक गाव सोडून चालले आहेत, आणि काही जण पोटच्या मुली विकून चालले आहेत. मुलींना शिकवण्यात ज्या बाईची तीस वर्षं गेली, तिने मुली विकल्या जाताना पाहिल्या आणि ते एका ओळीत लिहिलं. तिथे विशेषण नाही, हळहळ नाही. मी ती ओळ अनेकदा वाचली आहे.

सावित्रीबाई एकट्या आलेल्या नव्हत्या. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला आणि तीन-साडेतीन वर्षांत ओतूरला त्याने चांगली मुळं धरली होती. पत्रात भाऊ कोंडाजी येतात, डुंबरे पाटील येतात, ओतूरचे शास्त्री येतात. कोंडाजींच्या घरी सावित्रीबाई उतरल्या आहेत आणि त्यांची बायको उमाबाई आपली नीट काळजी घेते असं त्या सांगतात. सत्यशोधकांनी कमिट्या नेमल्या आहेत, धान्य वाटण्याची पथकं केली आहेत. जोतीराव त्या वेळी साताऱ्याकडे. तिथून नगरला जायचं असेल तर ओतूरवरून जा, असंही त्यांना सुचवलेलं आहे. म्हणजे नवरा-बायको दोघं दोन जिल्ह्यांत एकाच दुष्काळाशी झुंजत होते आणि पत्रातून एकमेकांचा प्रवास जुळवत होते.

आणि मग पत्र एकदम वेगळ्याच जागी जातं. सावकारांनी दुष्काळाचा फायदा घ्यायला सुरुवात केलेली, ठिकठिकाणी दंगे उसळलेले. सरकारने गोरे पोलीस आणले आणि पन्नासेक सत्यशोधकांना धरलं. इथे थोडी मागची गोष्ट हवी. दोनच वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ ला, याच पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-वह्या जाळल्या होत्या आणि ते लोण नगरपर्यंत गेलं होतं. शिवाय १८७७ च्या जानेवारीत दुष्काळासाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कापली गेली होती आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी निषेध म्हणून कामं सोडली होती. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारला अर्जांवर अर्ज धाडत होती. अशा दिवसांत पन्नास कुणबी एका ठिकाणी जमलेले दिसले, की साहेबाला त्यात अन्नछत्र दिसणार नाही, बंड दिसणार. हा माझा तर्क आहे, पत्रात तो नाही, पण काळ पाहता तो चुकीचा वाटत नाही.

कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावलं. त्या गेल्या. सेहेचाळीस वर्षांची, माळ्याच्या घरातली, गावोगाव हिंडून धान्य गोळा करणारी बाई इंग्रज कलेक्टरपुढे उभी राहून विचारते की चांगल्या माणसांवर बालंट घालून त्यांना का अडकवलंत, आधी त्यांना सोडा. कलेक्टर न्यायी होता असं त्या स्वतःच लिहितात. त्याने आपल्या शिपायांनाच झापलं, पाटील-शेतकरी कुठे दरोडे घालतात का म्हणून, आणि माणसं सोडली. वर चार बैलगाड्या ज्वारी पाठवून दिली.

या चार गाड्यांचं सगळ्यांना फार कौतुक वाटतं. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला वर्षानुवर्षं बैल-गाडी पाहिलेल्या माणसाने जरा हिशेब करावा. गाडीला आठ-दहा पोती धरली, तर चार गाड्यांची चाळीसएक पोती. माणशी रोज अर्धा किलो म्हटलं तर ही ज्वारी साधारण आठ हजार माणसांना एक दिवस पुरेल, म्हणजे तीन हजार वस्तीला तीन दिवससुद्धा पुरणार नाही. दुष्काळ त्याने हटत नाही. खरी मिळकत त्या पन्नास माणसांची. तीच अन्नछत्रं चालवत होती, तीच गाड्या हाकणार होती, कोणत्या घरात किती तोंडं आहेत हे त्यांनाच ठाऊक होतं. ती तुरुंगात असती, तर चाळीस पोती चावडीपुढे उन्हात पडून राहिली असती. सावित्रीबाईंनी आधी माणसं मागितली. धान्य आपण होऊन आलं. संघटना म्हणजे काय हे ज्याला कळतं तोच या क्रमाने बोलतो.

पत्रातली दुसरी गोष्ट कोणी फारशी काढत नाही, ती उमाबाईंची. त्यांच्याविषयी एवढंच कळतं की त्या कोंडाजींच्या पत्नी आणि पाहुणीची काळजी घेत होत्या. पण त्या सालात, त्या महिन्यात, पाहुणीची काळजी घेणं म्हणजे काय, ते घर चालवणाऱ्याला विचारावं. पाणी कुठून आणलं, कणगीत तळाशी काय होतं, आपल्या पोरांच्या ताटातलं किती कमी केलं. सावित्रीबाईंच्या सबंध आयुष्यात अशी घरं ओळीने दिसतात. आधी गंज पेठेतलं शेखांचं, मग हे ओतूरचं. सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येक बाईमागे कोणाची तरी चूल पेटलेली असते आणि इतिहासात त्या चुलीला फार तर अर्धी ओळ मिळते. उमाबाईंना निदान तेवढी तरी मिळाली, कारण पत्र लिहिणारी बाई होती.

ओतूरचं हे बीज वाया गेलं नाही. पुढच्या दशकात भटजी न बोलावता लावलेल्या लग्नांवरून या तालुक्यात दक्षिणेचे खटले चालले, आणि सावकारांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा पवित्रा जुन्नर भागातल्या कुळांनी घेतला तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याचा सविस्तर इतिहास वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. आपल्या तालुक्यातल्या कोणीतरी तो लिहावा.

आता काबूलकडे. दुष्काळ ओसरला त्याच १८७८ साली इंग्रजांनी अफगाणिस्तानावर दुसरी स्वारी केली. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत इंग्रजांचा दणदणीत पराभव झाला. त्या हरलेल्या सैन्यात मुंबई फौजेच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स. समोरच्या बाजूला मलालाई नावाच्या मुलीने पळत्या अफगाण शिपायांना परत फिरवलं, अशी तिकडची आख्यायिका आहे. पुढे स्वात खोऱ्यातल्या एका शिक्षकाने आपल्या मुलीचं नाव तिच्यावरून मलाला ठेवलं. तेव्हा संबंधच नाही असं म्हणता येत नाही, फक्त तो आपण बंदुकीच्या मागून पाहिलेला आहे.

आणखी एक संबंध जरा बरा आहे. अमीर अमानुल्ला आणि राणी सोराया यांनी १९२१ मध्ये काबूलमध्ये मुलींची शाळा काढली. बुरखा सक्तीचा नाही असं जाहीर केलं. १९२९ च्या सुरुवातीला बंड होऊन त्यांना गादी सोडावी लागली. परागंदा होऊन ती दोघं मुंबईत आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईतच त्यांना मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी इंडिया ठेवलं. मुलींच्या शाळेमुळे सिंहासन गेलं असं म्हणणं फार सोपं होईल, त्यामागे कर होते, टोळ्यांचे रुसवे होते, राजाची घाईही होती. पण बंडखोरांनी राज्य हाती येताच मुलींची शाळा बंद केली, हेही खरं. अफगाणिस्तानात ती शाळा पुन्हा पुन्हा उघडली आणि पुन्हा पुन्हा बंद झाली आहे. १९९६ ते २००१ पूर्ण बंद. मग वीस वर्षं उघडी. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये आलं आणि सप्टेंबरात सहावीपुढच्या वर्गांत फक्त मुलग्यांना बोलावलं गेलं. २३ मार्च २०२२ ला मुलींना शाळा उघडल्याचं सांगण्यात आलं, मुली दप्तरं घेऊन गेल्या आणि काही तासांत त्यांना परत पाठवलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद. डिसेंबर २०२४ मध्ये सुईणीचं शिक्षणसुद्धा बंद. पुरुष डॉक्टरकडे बाईने जायचं नाही आणि बाईने डॉक्टर व्हायचं नाही, म्हणजे बाळंतिणीने कुठे जायचं, याचं उत्तर त्या हुकमात नाही.

सीमा समर यांचं चरित्र या पार्श्वभूमीवर वाचावं. जन्म १९५७, गझनी प्रांतातल्या जाघोरीचा. हजारा समाजातल्या, म्हणजे तिथल्या उतरंडीत खालच्या. १९८२ मध्ये काबूल विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. १९८४ मध्ये त्यांच्या नवऱ्याला कम्युनिस्ट राजवटीने उचललं आणि ते पुन्हा दिसले नाहीत. लहान मुलाला घेऊन त्या पाकिस्तानात क्वेट्ट्याला गेल्या, निर्वासित बायकांसाठी दवाखाना काढला, १९८९ मध्ये शुहदा नावाची संस्था स्थापन केली आणि तालिबानच्या पहिल्या राजवटीतही हजारा समाजाच्या डोंगराळ भागात मुलींच्या शाळा चालू ठेवल्या. १९९४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. डिसेंबर २००१ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला व्यवहार मंत्री झाल्या आणि सहा-सात महिन्यांत धर्मनिंदेचा आरोप होऊन त्यांना ते पद सोडावं लागलं. त्यानंतर २०१९ पर्यंत मानवाधिकार आयोग सांभाळला. ज्या क्वेट्ट्यात त्या काम करत होत्या तिथेच ४ फेब्रुवारी १९८७ ला मीना या दुसऱ्या कार्यकर्तीचा खून झाला होता. तेव्हा हे काम जिवाच्या बोलीवरचं आहे हे त्यांना रोज दिसत होतं. सकीना याकूबी हेरातच्या. अमेरिकेत शिकून परत आल्या, १९९५ मध्ये संस्था काढली आणि तालिबानच्या काळात घराघरांत मिळून ऐंशी गुप्त शाळा चालवल्या. कोणाची ओसरी, कोणाचं माजघर. शिक्षिका कोण, पहाऱ्याला कोण, वही कुठे लपवायची, हे सगळं शेजारणी-शेजारणींनी ठरवायचं. इथे मला पुन्हा उमाबाई आठवल्या.

दोन्हीकडच्या बायांची आयुष्यं शेजारी ठेवली की एक गोष्ट ठळक दिसते. मुलींची शाळा काढणारी बाई शाळेपुरती राहूच शकत नाही. तिला दवाखाना काढावा लागतो, धान्य वाटावं लागतं, बाळंतपणं करावी लागतात, अटकेतली माणसं सोडवावी लागतात. कारण मुलगी शाळेत येत नाही याचं कारण क्वचितच शाळेत असतं. ते तिच्या घरच्या कणगीत असतं, बापाच्या कर्जात असतं, आईच्या आजारपणात असतं. सीमा समर डॉक्टर होत्या म्हणून त्यांची शाळा टिकली, असं मी म्हणेन. बाईच्या दवाखान्याला जो विरोध करतो त्यालाही आपली बायको आजारी पडल्यावर तिथेच यावं लागतं.

पण ही तुलना कुठे थांबते, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण भाबडे ठरू. सावित्रीबाईंच्या विरोधात समाज होता, सरकार नव्हतं. सरकार परकं होतं, स्वतःच्या हिशेबाने वागणारं होतं, दुष्काळात मजुरी कापणारं होतं. पण मुलीने शिकू नये असा त्याचा हुकूम नव्हता. म्हणून गर्दीपुढे कायद्याचं नाव घेता आलं आणि कलेक्टरला जाब विचारता आला. आज काबूलच्या बाईने कोणत्या कलेक्टरकडे जावं? मनाई करणारा आणि दाद ऐकणारा एकच आहे. घराघरांत आजही मुलींना शिकवणाऱ्या अफगाण शिक्षिका ज्या अवस्थेत आहेत, ती सावित्रीबाईंच्याही वाट्याला आली नव्हती. त्यांच्या थोरवीत याने काही उणं होत नाही.

दुसरी सावधगिरी अशी, की अफगाणिस्तानचं नाव निघालं की आपल्याकडच्या पारावर लगेच तो ‘त्यांचा’ प्रश्न होतो. त्या पारावर सांगायला एक तारीख देतो. १८ एप्रिल १९६६. त्या दिवशी समाजसुधारक हमीद दलवाई यांच्याबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर गेल्या आणि तोंडी तलाक बंद करा अशी मागणी केली. सात जणींचा मोर्चा म्हणून तेव्हा हसणारेही होते. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० ला, पुण्यात मंडळ स्थापन करताना दलवाईंनी नाव घेतलं ते फुल्यांच्या समाजाचं, मुस्लिम सत्यशोधक मंडळ. दलवाई ३ मे १९७७ ला गेले, ऐन चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई ते काम पुढे नेत राहिल्या. जून २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. अडीच महिने. अशा माणसांचं आयुष्य नेहमी असं थोडक्यात हुकतं.

आणि आपल्याकडे सगळं झालं का? ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, २०२४ पासून व्यावसायिक शिक्षणात अनेक गटांतल्या मुलींची पूर्ण फी शासन भरतं, बेल्ह्याच्या माळावर बांगरवाडीला अभियांत्रिकी महाविद्यालय उभं आहे. हे थोडं नाही. पण आमच्या तालुक्यात उसाच्या फडात बिबट्या आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र अभ्यासकांना कौतुकाचं आहे, वाडीवरच्या बापाला ते रोजची आठवण आहे. बिबट्या मुलगा-मुलगी पाहत नाही. पण संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी ये, क्लास सोड, हे मुलीलाच सांगितलं जातं. मुलाला टॉर्च घेऊन दिली जाते किंवा मोटारसायकल. बंदी घालायला प्रत्येक वेळी तालिबान लागत नाही. काळजीसुद्धा पुरते.

सावित्रीबाईंची शेवटची वर्षं या पुस्तकात एका टिपणात आहेत. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले, तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवं त्यांनी स्वतः धरलं. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर झालेल्या यशवंतने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला. मुंढव्याच्या वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळताच सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन तिथवर आल्या. मुलगा वाचला असं सांगतात. त्यांना मात्र लागण झाली. वय सहासष्ट.

२०१४ पासून पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. या विद्यापीठात अफगाण विद्यार्थी अनेक वर्षं शिकायला येतात, त्यांत मुलीही असतात. काबूलमध्ये ज्या मुलीला विद्यापीठाच्या फाटकातून परत पाठवलं जातं, तिच्याच वयाच्या मुलीच्या पदवीवर इथे सावित्रीबाईंचं नाव छापलेलं असतं. भिडेवाडा मात्र वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेऱ्यांत खचत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला.

वाचणाऱ्यांसाठी एक सूचना करतो, संपादकांना ती मान्य आहे. पत्रं तारखेच्या क्रमाने वाचू नयेत. आधी १८६८ चं वाचावं, मग १८५६ चं, आणि ओतूरचं शेवटी, त्यालाच लागून सीमा समर यांचं चरित्र. शाळेत मोठ्याने वाचायचं असेल, तर कलेक्टरचा भाग सातवी-आठवीच्या मुलींकडून वाचून घ्यावा, त्यांना तो आवडतो. टिपणांत काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. ओतूर, उदापूर, डिंगोरे, पिंपरी पेंढार, आळे, बेल्हे या पट्ट्यात कोणाच्या माडीवर जुन्या पेटाऱ्यात सत्यशोधक समाजाचे कागद, लग्नपत्रिका, कमिटीच्या वह्या असतील, तर त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून संपादकांकडे द्याव्यात. उमाबाईंचं माहेर कोणतं, एवढं जरी कुठे सापडलं, तरी पुढच्या आवृत्तीत ते पहिल्या पानावर घेऊ.